चव्हाणमामांचे सरकारी कान

चव्हाणमामांच्या पुढे तुम्ही पाण्याचा ग्लास धरलात, तर ते तो लगेच तोंडाला लावत नाहीत. ग्लास उजेडात धरतात, डोळे बारीक करून आत बघतात आणि विचारतात, "नळाचं हाय, का बोअरचं?"

नळाचं असेल तर घटाघटा पितात. बोअरचं असेल तर ग्लास अलगद खाली ठेवतात. "राहू द्या. तहान न्हाई तेवढी."

कारण साधं आहे. नळ सरकारी, बोअर खासगी, आणि खासगी गोष्टीला मामा शक्यतो शिवत नाहीत. आता आमच्या गावात नळ येतो तो आपल्या मर्जीने, आणि आला की पाण्याआधी बराच वेळ नुसती हवाच येते. मग जे पाणी येतं त्याचा रंग चहाच्या जवळपास जातो. हे मी मामांना एकदा सांगून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "गढूळ हाय, कबूल. पन उद्या तकलीफ झाली तर नगरपंचायतीत जाऊन भांडता येते. बोअरच्या पान्यासाठी कोनाशी भांडू? जमिनीशी?"

थावरा चव्हाण हे त्यांचं पूर्ण नाव. साखऱ्याकडच्या एका तांड्यावरचे. अख्खी नोकरी बांधकाम खात्याच्या रोलरवर गेली. खडी अंथरायची, मुरूम टाकायचा आणि त्याच्यावरून हे अवजड यंत्र पुढे न्यायचं, मागे आणायचं, पुन्हा पुढे न्यायचं. या कामाला दबाई म्हणतात, आणि दबाई या विषयावर मामा दिवसभर बोलू शकतात. मी ऐकलं आहे. त्यांच्याबरोबर एसटीने कनेरगाव नाक्याकडे जायचा योग आला, तर खिडकीची जागा त्यांना द्यावी आणि आपण झोपून जावं. नाहीतर प्रत्येक खड्ड्याला ते आपल्याला कोपराने ढोसतात आणि सांगतात, "ह्यो माझा न्हाई. ह्यो ठेकेदाराचा." गुळगुळीत तुकडा आला की काही बोलत नाहीत. नुसते छाती काढून बसतात.

रोलरची चाल त्यांच्या पायांत उतरली आहे. गल्लीत नवा मुरूम पडला की मामा दोन्ही हात पाठीमागे बांधून त्यावरून संथपणे जातात, टोकाला गेले की वळत नाहीत, तसेच उलट्या पावलांनी मागे येतात. आवाजही रोलरचाच. आयुष्यभर इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे मामा शेजारच्याला "कसं काय?" विचारतात तेव्हा चौकातला माणूस "बरं आहे" म्हणतो.

माझं मेडिकलचं दुकान त्यांच्या घराला लागून आहे. आणि इतक्या वर्षांत या गृहस्थाने माझ्याकडून साधी डोकेदुखीची गोळी घेतलेली नाही. सर्दी झाली, सरकारी दवाखाना. पाठ धरली, सरकारी दवाखाना. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. त्यातून हे दिवसभर बसणार कुठे, तर माझ्याच दुकानापुढच्या बाकड्यावर! एकदा न राहवून म्हणालो, "मामा, माझं औषध चालत नाही, माझं बाकडं बरं चालतं."

"बाकडं तुमचं असंल शेठ," मामा म्हणाले, "पन ते ठेवलं कशावर? नालीवर. नाली नगरपंचायतीची. मी नालीवर बसून राहिलो."

मी आत जाऊन औषधांची खोकी मांडायला लागलो.

मामांची बायको फार लवकर गेली. मूलबाळ नाही. पण घर रिकामं नव्हतं. पुतण्या आणि त्याची बायको दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे, म्हणून त्यांची लेक काजल अगदी लहानपणीच शाळेसाठी मामांकडे आली ती इथेच वाढली. शाळा अर्थातच जिल्हा परिषदेची. मामांच्या हातच्या भाकरी खाऊन पोरगी बारावी झाली, पदवीधर झाली. ती त्यांना दादा म्हणते. तांड्यावर आजोबाला दादाच म्हणतात.

यंदा काजलचं लग्न ठरलं. मुलगा संभाजीनगरला एका कंपनीत. खासगी! हे कळल्यावर मामांनी बरेच दिवस पुतण्याशी बोलणं टाकलं होतं. शेवटी काजलनेच समजूत काढली. पुढे मामा मला म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. अन् त्याची आई अंगनवाडीत हाय. घरात सरकारचा पाय हाय."

आणि नेमक्या याच सुमारास मामांचे कान गेले.

गेले हे आम्हाला कळलं. त्यांना कबूल नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की गावच हळू बोलून राहिलं. "लोकांच्या अंगात जोर न्हाई राहिला शेठ. फवारनीचं खाऊन खाऊन आवाज बसला समद्यांचा." भाजीवाली कुजबुजते म्हणून ते तिच्यावर डाफरले. मशिदीचा भोंगा, देवळाची घंटा, शाळेचा टोल, सगळ्यांनी संगनमत करून आवाज उतरवला आहे, अशीही त्यांची एक शंका होती. बातम्या ऐकताना रेडिओ इतका मोठा लावू लागले, की माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागायचं ते खुणेने.

काजल दुकानात आली. "काका, तुमी घेऊन जा दादाला दवाखान्यात. माझं ऐकून नाही राहिले."

"ऐकूच येत नाही, तर ऐकतील कसे?" मी म्हणालो. पण गेलो.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बॅटरी लावून दोन्ही कान पाहिले. "कान उत्तम आहेत," त्या मला म्हणाल्या, "फक्त मळ घट्ट बसलाय. दोन्हीकडे. पण इथे आता कान धूत नाहीत. कानाचे डॉक्टर बदलून गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. बाहेर करून घ्या."

हे मी मामांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. शेवटचं वाक्य तेवढं त्यांच्यापर्यंत पोचलं. मामा उठले, बाहेर व्हरांड्यात गेले आणि मान एका खांद्यावर टाकून, कान वर करून, बाकावर बसले. पिचकारीची वाट बघत.

बाहेर म्हणजे खासगीत, हे समजावल्यावर त्यांना जो संताप आला, तो मी पहिल्यांदाच पाहिला. "काहून पन? मागं ह्याच खोलीत माझा कान धुतला होता. एवढी मोठी पिचकारी! कानाखाली ताटली धरली, कोमट पानी मारलं, फटकन मळ बाहेर. अख्ख्या गावाचे कान हितं धुतले. आता काय झालं? गावाला कान न्हाईत काय?"

त्यांचं बरोबर होतं. मीसुद्धा त्याच खोलीत कान धुऊन घेतला होता. आता तिला कुलूप होतं, आणि खिडकीतून आत मोडक्या खाटा दिसत होत्या.

दुसरं कुणी असतं तर विषय तिथे संपला असता. मामा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. केसपेपर काढला, रांगेत उभे राहिले, नंबर आला, "कान धुवायचा हाय" म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज रिकाम्या हाती कसं पाठवायचं म्हणून त्या बिचाऱ्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या लिहून द्यायच्या. मामा त्या निमूट घ्यायचे. सरकारी गोळी वाया घालवायची नाही. त्या दिवसांत मामांच्या चेहऱ्यावर चांगलंच तेज आलं होतं, ऐकू मात्र शून्य.

गावाला तर सल्ले द्यायला विषयच मिळाला. कुणी म्हणे लसूण घालून तेल कढवा. मामांनी स्वतःच्या घाण्यावरचं तेल असल्यासारखं भरपूर ओतलं, तेव्हा होतं तेवढंही ऐकू येईना. कुणी म्हणे जवळा बाजारच्या आठवडी बाजारात कान कोरणारा बसतो, तार आणि कापूस घेऊन. मामा खास एसटीने गेले, त्याच्यापुढे उभे राहिले आणि परवाना मागितला. तो सामान गुंडाळून उठून गेला, म्हणतात. मी माझ्याकडची मळ मऊ करायच्या थेंबांची बाटली पुढे केली. "घ्या, पैसे नकोत." मामांनी बाटली लांबूनच वाचली आणि मान हलवली. "फुकट दिली तरी खासगीच ना शेठ."

आता मी चिडलो. मनात म्हटलं, बसा असेच बहिरे. काय अडलंय कुणाचं?

काय अडलं होतं, ते लग्नाच्या आधीच्या आठवड्यात कळलं. बाजाराचा दिवस होता. दुकानापुढे गाड्या लागलेल्या, भाजीवाल्या, चहाची टपरी भरलेली. मामा बाकड्यावरून उठले, इकडेतिकडे पाहिलं, माझ्या काउंटरवर वाकले, तोंडाला आडवा हात लावला आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे माझ्या कानात हळूच म्हणाले,

"शेठ, कोनाला सांगू नका!"

टपरीवरच्या माणसांच्या बशा तोंडाशीच थांबल्या.

"पोरगी ढावलो म्हननार हाय. तांड्यात जाऊन म्हाताऱ्या बायांकडून शिकून राहिली. आजकाल पोरी म्हनत न्हाईत, डीजे लावतात. पन ही म्हननार हाय."

ढावलो म्हणजे काय ते मला माहीत होतं. तांड्यावर लग्नात नवरी निघते तेव्हा एकेकाच्या गळ्यात पडून, रडत, सूर धरून गाते. ज्याच्या गळ्यात पडेल त्याचं त्याचं वेगळं. बापाला वेगळं, आईला वेगळं, भावाला वेगळं. दूर उभ्या असलेल्या परक्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी येतं.

"माझ्या गळ्यात पडून आजपातुर कोनी म्हनलं न्हाई," मामा पुढे म्हणाले. भाजीवालीने हातातला तराजू खाली ठेवला. "मला लेक न्हाई. बहीन होती, ती सासरी गेली तवा मी रोलरवर होतो. रस्ता अर्धा दाबून झाला होता, सुट्टी भेटली न्हाई. दुसऱ्यांच्या लेकी म्हनायच्या, ते मी लांबून ऐकायचो. आता ही माझ्या गळ्यात पडंल, अन् मला काय म्हनली तेच ऐकू न्हाई आलं तर? पुन्यांदा थोडीच म्हनती कोनी!" मग ते सरळ झाले. "कोनाला कळू देऊ नका बरं. लोक हसतील."

कुणी हसलं नाही. सगळा बाजार आपापल्या कामाकडे वळल्याचं नाटक करत होता. माझा राग कुठल्या कुठे गेला होता. मला एकदम या माणसाची फार माया वाटली, आणि त्याच्या हट्टाची चीडही आली. दोन्ही एकाच वेळी.

त्या दुपारी मी दुकान टाकून विचार केला. मामांना हलवायचं तर त्यांच्याच रस्त्याने जायला हवं होतं. हिंगोलीत माझ्या ओळखीचे एक कानाचे डॉक्टर आहेत. त्यांना फोन केला आणि एकच प्रश्न विचारला. मग मामांसमोर पाटी धरावी तसा एक पुठ्ठा धरला, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: डॉक्टर सरकारी कॉलेजात शिकले आहेत.

मामांनी पुठ्ठा वाचला. पुन्हा वाचला.

"म्हंजे शिकवलं सरकारनं?"

मी मान डोलावली.

"खर्च सरकारचा?"

मी मान डोलावली.

मामांनी पुठ्ठा हातात घेऊन मागूनही पाहिला. मग म्हणाले, "मंग दुकान खासगी असंल. पन हात सरकारी हाय."

आणि आम्ही निघालो. मामांनी सोबत थर्मास घेतला होता. त्यात घरून कोमट करून आणलेलं पाणी. नळाचं. डॉक्टरांनी तो रंग पाहिला आणि हात जोडले. त्यांनी सांगितलं, मळ दगडासारखा झालाय, ओढला तर कान दुखावेल. काही दिवस थेंब घाला, मऊ होऊ द्या, मग या. पण मधले दिवस डॉक्टर परगावी जाणार होते, म्हणून पुढची वेळ मिळाली ती थेट लग्नाच्या दिवशी सकाळची.

थेंबांची बाटली मामांनी माझ्या दुकानातूनच घेतली. दोन बोटांत धरून, कुणी बघत नाही ना अशी चोरट्या नजरेने खात्री करून. मी दुकानात उदबत्ती लावणार होतो, पण म्हटलं जाऊ द्या.

लग्नाच्या सकाळी तांड्यावर हळद उतरत होती आणि नवरीचे दादा हिंगोलीत डॉक्टरांच्या खुर्चीत मान कलती करून बसले होते. डावा कान मोकळा झाला तेव्हा ते दचकले. उजवा मोकळा झाला तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो पंखा वाजून राहिला काय?" खाली रस्त्यावर ट्रकने हॉर्न दिला, तर त्यांनी दोन्ही कान झाकले. "काहून एवढे वरडून राहिले लोक?"

एसटीची वाट पाहायला वेळ नव्हता. मी मोटारसायकल काढली. मामा घुटमळले, मग स्वतःशीच काही हिशेब जुळवून मागे बसले. "गाडी तुमची, रस्ता सरकारचा." वाटेत त्यांना स्वतःचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू आला असावा, कारण ते अगदी हळू बोलू लागले.

"शेठ, मी नेहमी एवढाच वरडायचो काय?"

"हो."

"मंग त्या दिवशी बाजारात... समद्यांनी ऐकलं?"

"सगळ्यांनी."

तांडा येईपर्यंत मामा माझ्या पाठीमागे तोंड लपवून बसले होते.

मांडवात आल्यावर त्यांना आणखीच ओशाळल्यासारखं झालं, कारण बाजारातली बरीच मंडळी लग्नाला हजर होती. आमंत्रण असलेलीही आणि नसलेलीही. टपरीवाला होता, भाजीवाली नवी साडी नेसून आली होती, डॉक्टरीणबाईसुद्धा एका खुर्चीत बसल्या होत्या. डीजे असा काही घुमत होता की पोटातलं जेवण हलावं. लग्न लागलं, पंगती उठल्या, जीप सजून उभी राहिली आणि काजल निघायला उठली. मी डीजेवाल्याला सांगायला धावलो, तर तिथे टपरीवाला आधीच पोचलेला. त्याने कुणाला न विचारता वायर उपटून हातात धरली होती.

एकदम शांत झालं. काजल बापाच्या गळ्यात पडली आणि तिने सूर धरला. मग भावाच्या गळ्यात पडली. मग आईच्या. मला त्यांची बोली येत नाही, पण डोळे पुसायला बोली कशाला लागते?

मामा कुठे होते? पाण्याच्या टँकरच्या आडोशाला, सगळ्यांच्या मागे उभे होते. नातं दोन पायऱ्या दूरचं, पुढे कसं जावं, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असणार. काजलच्या आईनेच त्यांना दंडाला धरून पुढे आणलं.

काजल त्यांच्या गळ्यात पडली. ती गायला लागली तो पहिलाच शब्द मला कळला, कारण आमच्या भागात तो सगळ्यांना कळतो. याडी. म्हणजे आई. मला वाटलं, पोरगी रडण्याच्या भरात चुकली. पण प्रत्येक ओळीला ती तेच म्हणत होती. त्या मिशाळ, राकट म्हाताऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून, याडी, याडी.

मी घाबरून काजलच्या आईकडे पाहिलं. ती शेजारीच उभी होती, मामांचा दंड अजून धरून. मी हळूच विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"म्हनती, याडी, आता तू सकाळी उठून कोनाची वेनी घालशील? शाळेच्या फाटकापाशी कोनासाठी उभी राहशील?" बाईने पदराने डोळे पुसले. "मी उसात असायची भाऊ. हिची वेनी यानंच घातली. बराबर म्हनून राहिली."

मामा हलत नव्हते. मान थोडी कलती, उजवा कान तिच्या तोंडाशी, डोळे मिटलेले. ती गात होती तोवर त्यांनी श्वाससुद्धा जपून घेतला असावा.

मग बायांनी तिला सोडवलं, जीपमध्ये बसवलं, जीप धुरळा उडवत वळणाआड गेली. माणसं पांगली. कुणीतरी वायर पुन्हा जोडली आणि डीजे धडाडला. मामांनी झटकन उजव्या कानावर तळवा दाबून धरला.

सकाळीच एवढं साफ केलेलं, मला काळजी वाटली. मी जवळ जाऊन विचारलं, "मामा, दुखतोय का कान?"

त्यांनी मान हलवली. हात काढला नाही.

"न्हाई शेठ," ते अगदी हळू म्हणाले. "जराक येळ राहू द्या आत."